नाव कमी केल्याचा दाखला

१९८३ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास उदगीरच्या आमच्या घरी पोलीस शिपाई आला आणि त्याने वहिनीच्या नावाची नोटीस दिली. तिने तीस दिवसांच्या आत भारत सोडावा, असे नोटिशीत लिहिले होते. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती मूळची सिलोनची, आताच्या श्रीलंकेची. उदगीरला तिला बारावे वर्ष लागले होते. तिला दोन मुली होत्या, एक नऊ वर्षांची आणि एक सहा. नोटिशीत मुलींचा उल्लेख नव्हता.

अकरा दिवसांनी दुसरा कागद आला. वहिनीने भारतीय नागरिकत्वासाठी जो अर्ज केला होता, त्याचे ते उत्तर होते. 'अर्जदार महिला ही निलंगा तालुक्यातील असून जन्माने भारतीय असल्याचे अभिलेखावरून दिसून येते. सबब नागरिकत्व देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अर्ज निकाली.'

दोन्ही कागदांवर एकाच जिल्ह्याचा शिक्का होता. लातूर जिल्हा होऊन पाच महिने झाले होते. शिक्क्याच्या कडा अजून झिजल्या नव्हत्या. एका कागदाप्रमाणे वहिनी परदेशी होती, म्हणून तिने निघून जायचे होते. दुसऱ्याप्रमाणे ती परदेशी नव्हती, म्हणून तिने काही मागायचे नव्हते. कोणत्या कचेऱ्या आणि कोणते अधिकारी हे मी लिहीत नाही. त्यांतले काही निवृत्त झाले, काही वारले. शिवाय दुसऱ्या कागदाचा आधार माझ्या हस्ताक्षरात होता.

भाऊ उदगीरला शाळेत शिक्षक होता. त्याआधी तीन वर्षे तो पाली शिकायला सिलोनला होता. १९५६ नंतर आमच्या समाजातून जी पहिली पोरे शिकून बाहेर पडली, त्यांतला तो एक. तिथे त्याचे लग्न झाले. मुलीचे वडील पोस्टात होते, ते ती लहान असतानाच वारले होते, आई होती. १९७१ मध्ये भाऊ तिला घेऊन उदगीरला आला. गावाने बघितले नाही ते लग्न कसले, असे म्हणून आईने विहारात पुन्हा लग्न लावले. त्या वेळी अडचण आली ती मुलीकडून बसायला कोणी नाही, ही. आईचा भाऊ, माझा मामा, निलंग्यापासून चार मैलांवरच्या गावात गवंडीकाम करायचा. त्याला दोन मुलगे होते, मुलगी नव्हती. तो आमच्या चटईवरून उठला आणि मामीला घेऊन समोरच्या चटईवर जाऊन बसला.

"आजपास्नं पोरीचं माहेर निलंग्याला," तो म्हणाला. "कोनी काय बोललं तर मला सांगायचं."

आईने रीतीप्रमाणे वहिनीचे नाव बदलले. पासपोर्टवरचे नाव त्या दिवसापासून घरात कोणी घेतले नाही. तिला ते चालले का, हे तिला कोणी विचारले नाही.

माहेर हे मामाने बोलण्यापुरते ठेवले नाही. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी आणतात. धर्म बदलल्यावर घरातून पंचमी गेली, पण लेक आणायची रीत गेली नाही. मामाने ती वैशाख पौर्णिमेला नेऊन बसवली. दर वर्षी पौर्णिमेच्या सकाळी निलंग्याच्या पहिल्या गाडीने तो उदगीरला यायचा, चहा घ्यायचा आणि दुपारच्या गाडीने वहिनीला घेऊन जायचा. माहेरवाशिणीला न्यायला आलेल्या माणसाला मुराळी म्हणतात. मुराळी म्हणून बाप स्वतः येत नाही, भावाला पाठवतो. मामा स्वतः यायचा. सिलोनमध्ये वैशाखी हा वर्षातला सर्वांत मोठा सण असतो; वहिनी बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद घेऊन जायची आणि मामाच्या दारात तिच्या देशातल्यासारखे आठ कोनांचे कंदील लावायची. मामाचे गाव ते बघायला यायचे.

१९७२ साली पाऊस झाला नाही. त्याआधीचे वर्षही कोरडेच होते. बाजारात धान्य नव्हते, होते ते रेशनच्या दुकानात: परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, माणशी मोजून. वहिनीचे नाव आमच्या कार्डात नव्हते आणि ती पहिल्या मुलीच्या वेळी गरोदर होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. घरात माझे अक्षर चांगले, म्हणून अर्ज घेऊन मला पाठवले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला.

"सुनेचं नाव चढवायचं म्हणतो. माहेरचा दाखला कुठं आहे?"

"कसला दाखला?"

"नाव कमी केल्याचा. तिथलं नाव कमी झाल्याशिवाय इथं वाढत नाही. एका माणसानं दोन ठिकाणी खावं काय?"

"माहेर सिलोनला आहे."

"मग सिलोनहून आण." त्याने मागच्या टेबलाकडे पाहून आवाज दिला, "अहो, ते रेडिओवर गाणी लागतात ते सिलोन! तिथं रेशन आहे का, विचारा की निवेदकाला!"

रांगेतली माणसे हसली. मीही हसलो असेन.

घरी येऊन हे सांगितल्यावर वहिनी हसली नाही. तिच्या देशात खरोखरच तांदळाचे रेशन होते आणि माणशी एक पुस्तक होते. तिने त्याच दिवशी सिलोनला आपल्या आईला पत्र लिहिले: माझे पुस्तक जमा करा आणि तसा कागद पाठवा.

पत्र जायला आणि उत्तर यायला किती दिवस लागतील, हे कोणालाच सांगता येईना. मामा निलंग्याजवळ दुष्काळी कामावर खडी फोडत होता. निरोप गेल्यावर तो चालत, मग ट्रकमध्ये बसून आला. त्याने ऐकून घेतले आणि मला म्हणाला, "लिही."

"काय लिहू?"

"माझी लेक म्हणून लिही. खोटं हाय का?"

मी लिहिले. 'माझी मुलगी हिचे नाव नोंदणीच्या वेळी ती आजोळी असल्याने राहून गेले होते, ते चढवावे.' मामाच्या गावातल्या दुकानदाराने ते चढवले. पुढच्या महिन्यात मी दुसरा अर्ज लिहिला. 'माझी मुलगी लग्न होऊन उदगीर येथे सासरी नांदत असल्याने तिचे नाव कमी करून दाखला मिळावा.' दाखल्याचा मजकूरही दुकानदाराने माझ्याकडूनच लिहून घेतला आणि खाली शिक्का मारला. वडिलांचे नाव या रकान्यात मामाचे नाव होते. खिडकीतल्या कारकुनाने तो दाखला अर्जाला टाचला आणि वहिनीची ज्वारी सुरू झाली. त्या वर्षी मराठवाड्यात किती जणांनी असे कागद केले असतील, ते मोजलेले नाही. आम्ही हा एक केला. मागणाराही आम्हाला हाच कागद मागत होता. बाई कुठली, हे त्याला नको होते.

सात महिन्यांनी सिलोनहून पाकीट आले. वहिनीच्या आईने मुलीचे पुस्तक जमा करून गावच्या मुखियाकडून तसे लिहून आणले होते. कागदावर त्यांच्या लिपीत गोल गोल अक्षरे होती आणि खाली शिक्का होता. मी तो खिडकीवर नेला. कारकुनाने उलटा धरून पाहिला, परत दिला आणि म्हणाला, "झालं ना आता काम? मग कशाला?" आईने तो कागद पत्र्याच्या डब्यात ठेवला.

पुढची काही वर्षे वहिनी दर वर्षी उस्मानाबादला जाऊन पोलिसांकडून राहण्याची परवानगी वाढवून आणत असे. जिल्ह्याचे ठिकाण तेव्हा ते होते. जायला एक दिवस, यायला एक, मधला एक बाकावर. १९७९ मध्ये भावाने ठरवले की हे एकदाचे संपवायचे. कायद्यात तरतूद सरळ होती. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या स्त्रीने जिल्ह्याला अर्ज करायचा, चौकशी होऊन नोंदणी व्हायची. भावाने अर्ज केला आणि सोबत पासपोर्ट जोडला, नक्कल नव्हे, मूळ. मी तोपर्यंत नांदेडला एका दैनिकात नोकरीला लागलो होतो. मला विचारले असते, तर मूळ कागद देऊ नकोस म्हणून सांगितले असते. त्याने विचारले नाही. शिक्षक माणूस; नक्कल दिली तर काही लपवतो आहे असे वाटेल, असा त्याचा हिशेब. बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक नोंदींच्या टेबलावर त्याला आवक क्रमांकाची पोच मिळाली. तीन वर्षे दुसरे काही मिळाले नाही.

१९८२ च्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. उदगीरमध्ये पेढे वाटले गेले, आमच्या घरीही वाटले. नांदेडला आमच्या पहिल्या पानावरची बातमी मी लिहिली. 'आता उस्मानाबादचा हेलपाटा वाचणार' हे वाक्य माझे होते.

जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्याकडे कागद रुमालात बांधून ट्रकने आले. सप्टेंबरात भाऊ लातूरला पोच घेऊन गेला. कारकून म्हणाला, तुमची फाइल इकडे आलेली दिसत नाही, तिकडे विचारा. उस्मानाबादला विचारले, तर तिकडे म्हणाले, गेली. भाऊ तीनदा लातूरला आणि दोनदा उस्मानाबादला गेला. शेवटी त्याने जुन्या अर्जाची नक्कल नवा अर्ज म्हणून दिली. पासपोर्ट फाइलमध्ये होता आणि फाइल नव्हती. पासपोर्ट हरवल्याची तक्रार पोलिसांनी घेतली नाही. तो सरकारच्या ताब्यात होता, म्हणजे हरवलेला नव्हता. तीन वर्षे उस्मानाबादला पोच दाखवून परवानगी वाढली होती; आता वेळ आली, तेव्हा तक्रार न घेणाऱ्या याच पोलिसांनी पासपोर्ट मागितला. तो दाखवता येईना, म्हणून परवानगी वाढली नाही. परवानगी नाही, म्हणून नोटीस.

नागरिकत्वाच्या अर्जाची चौकशी डिसेंबरात झाली होती. चौकशी अधिकारी घरी आले, त्या दिवशी मी नांदेडहून आलो होतो. मध्यम वयाचे गृहस्थ, वागायला सभ्य. त्यांच्याजवळ आमच्या रेशनकार्डाचा उतारा होता आणि त्याला टाचलेला, पिवळा पडलेला तो दाखला. अक्षर मी लांबूनच ओळखले.

"बाई, तुम्ही परदेशी म्हणता."

"हाव," वहिनी म्हणाली.

"कधी आलात?"

"दुष्काळाच्या आदल्या साली. तवापास्नं हितंच हाय की."

ते भावाकडे वळले. "गुरुजी, परदेशी बाई असं बोलते का? माझी बायको लातूरची आहे, तिला 'तवापास्नं' येत नाही."

"ती माझ्या आईकडून मराठी शिकली," भाऊ म्हणाला.

"बरं. तुमच्या भाषेत बोला काहीतरी."

वहिनी तिच्या भाषेत बोलली. चार-पाच वाक्ये असतील. पुढे तिने मला सांगितले की ती म्हणाली होती, माझी आई अजून आहे, तिला पत्र लिहा आणि विचारा. अधिकाऱ्यांनी बरोबरच्या कारकुनाकडे पाहिले. तो देगलूरकडचा होता.

"कानडी हाय, साहेब."

"तेलुगू नाही?"

"न्हाई, तेलुगू मला येतंय. कानडीच."

अहवालात लिहिले गेले: 'भाषा: मराठी, कानडी.' मी पुढे होऊन सांगितले की दाखला मी लिहिला, तो दुष्काळात धान्यासाठी केलेला आहे आणि खोटा आहे. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही पत्रकार ना? मग जपून बोला. हा सरकारी अभिलेख आहे. तुमचं तोंडी आहे."

मग ते चहा पिऊन गेले. जानेवारीत दोन्ही कागद आले.

नोटीस आली त्या आठवड्यात मी विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर बातमीसाठी होतो. भावाची तार ऑफिसात दोन दिवस माझ्या टेबलावर पडून राहिली. मग मी उदगीरला पोचलो. थोरली मुलगी शाळेत गेली नव्हती. तिला कोणीतरी सांगितले होते की आईला बोटीत बसवून पाठवणार आहेत. वहिनी भांडी घासत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी गेले तर पोरी न्हेता येतील का, तेवढं विचारून या."

मुलींचा जन्म उदगीरचा, त्या भारतीय, आईच्या पासपोर्टवर त्यांची नावे नाहीत. विचारायची गरज नव्हती. मी विचारतो म्हणालो.

दुसरा कागद आल्यावर भाऊ, मी आणि वहिनी असे तिघे लातूरला गेलो. दोन्ही कचेऱ्या एकाच आवारात, एका लिंबाच्या झाडाच्या दोन बाजूंना होत्या. पहिल्या कचेरीत सांगण्यात आले की महसूल काय म्हणतो याच्याशी आमचा संबंध नाही. दुसरीत सांगण्यात आले की पोलीस काय म्हणतात याच्याशी आमचा संबंध नाही. मी दोन्ही कागद दुसऱ्या कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"साहेब, ही बाई कोण ते आधी ठरवा. मग हाकला."

माझा आवाज चढला होता. दारातला शिपाई आत आला. भावाने माझा हात धरला. साहेबांनी शिपायाला जायला सांगितले आणि कागद वाचले. माझ्या माहितीप्रमाणे ते दोन्ही एकत्र वाचणारे ते पहिलेच. पत्र्याच्या डब्यातला सिलोनचा कागदही आम्ही दाखवला. साहेबांनी तो सरळ धरला.

"हा त्यांच्या वकिलातीकडून भाषांतर करून आणा. पासपोर्टचा जुना नंबरही त्यांच्याकडून लिहून आणा. ते झालं तरी एक राहतं. इथं एका बाईला दोन बाप आहेत. एक परदेशात वारलेला आणि एक निलंग्याला जिवंत. जिवंत आहे त्याने सोडलं पाहिजे."

"म्हणजे?"

"स्टॅम्पपेपरवर. माझी मुलगी नाही म्हणून. त्याशिवाय मी पुढे सरकवू शकत नाही."

नोटिशीची अंमलबजावणी त्यांनी साठ दिवस थांबवून घेतली. ते झाडाच्या पलीकडे चालत गेले आणि दहा मिनिटांत परत आले. काम दहा मिनिटांचे होते; आपण एकटीच जाणार असे धरून वहिनीने घरी मुलींचे कपडे आधीच वेगळे घडी करून ठेवले होते.

फेब्रुवारीत भाऊ आणि मी मामाच्या गावी गेलो. वहिनीला नेले नाही. मामा तेव्हा सत्तरीच्या आसपास होता. काम सोडले होते, पण स्वतःच्या दारापुढचा ओटा पुन्हा बांधत होता. हातात गवंड्याची करणी तशीच होती.

"जय भीम, मामा. एक कागद लिहून द्यावा लागतोय."

"दिला की एकदा."

"तो खोटा होता."

"कोन म्हनतं?"

भावाने सांगायला सुरुवात केली आणि तो अडखळला. उरलेले मी सांगितले: नोटीस, दाखला, दोन बाप, साठ दिवस. मामाने करणी पाण्याच्या घमेल्यात टाकली.

"लेकीला लेक न्हाई म्हनून लिहून देऊ?"

"हो."

"आन् दर वैशाखात म्या कोनाला आनत व्हतो मंग? शेजारनीला?"

मामी दारात उभी होती. "द्या लिहून. कागद कागदापाशी ऱ्हाईल, लेक लेकीपाशी."

"तू गप बस. कागदापायीच तर चाललंय समदं."

भावाने जे सांगितले नव्हते ते मी सांगितले: या कागदात आधीचा दाखला खोटा दिल्याची कबुली येते, त्यावर खटला होऊ शकतो.

"जेलात जेवाया कार्ड लागतं का रं?"

"नाही."

"मंग चल."

निलंग्याला कोर्टाच्या आवारात अर्जनवीस बसतात, टाइपरायटर आणि छत्री घेऊन. त्यांच्याकडे सर्व प्रकारच्या प्रतिज्ञापत्रांचे नमुने तयार असतात. नाव बदलायचे आणि टाइप करायचे. आमच्या गोष्टीचा नमुना कोणाकडे नव्हता. ज्याला काम दिले त्याने जवळचा नमुना घेतला, घरातून काढून टाकलेल्या मुलाचा. प्रतिज्ञापत्राचे शेवटचे वाक्य असे उमटले: 'सदर महिला ही माझी मुलगी नसून माझा तिच्याशी कोणत्याही प्रकारचा संबंध नाही व पुढेही राहणार नाही.'

'व पुढेही राहणार नाही' हे चार शब्द कोणी मागितले नव्हते. अनावश्यक शब्द काढणे हा माझा रोजचा व्यवसाय होता. सात वर्षे मी तेच करत होतो. मी वाक्य वाचले. स्टॅम्पपेपरवर खाडाखोड चालत नाही, दुसरा घ्यायचा तर विक्रेता जेवायला गेलेला, न्यायाधीशांसमोर उभे राहायची वेळ चार. मी कागद मामाकडे दिला.

मामा रात्रशाळेत सही करायला शिकला होता. सही करण्याआधी त्याने मजकूर वाचून दाखवायला सांगितले. मी वाचला, शेवटच्या चार शब्दांसह. त्याने ते ऐकले, कागदाकडे पाहिले आणि विचारले, "कोर्टाम्होरं खोटं बोलाया चालत न्हाई ना?"

"नाही."

"बरं," असे म्हणून त्याने सही केली.

वकिलातीचे भाषांतर आणि पासपोर्टचा नंबर मार्चच्या शेवटी आला. एप्रिलमध्ये वहिनीला लातूरला बोलावणे आले. साहेबांसमोर उभे राहून तिने संविधानाशी निष्ठेची शपथ मराठीत घेतली. प्रमाणपत्र देण्याआधी कारकुनाने जुना पासपोर्ट रद्द करण्यासाठी मागितला. भावाने सांगितले की तो १९७९ पासून तुमच्याकडेच आहे आणि पोच दाखवली. कारकुनाने क्रमांक वाचला, उठला, भिंतीकडच्या लोखंडी कपाटातून एक रुमाल काढला, सोडला आणि फाइल आणून टेबलावर ठेवली. मी घड्याळ पाहिले होते. सात मिनिटे लागली.

पासपोर्ट आत होता, टाचणीचा गंज त्याच्या पुठ्ठ्याला लागलेला. फाइलवर १९८२ च्या सप्टेंबरातला शेरा होता: 'अर्जदाराकडून पाठपुरावा नाही. दप्तरी दाखल.' त्या सप्टेंबरात भाऊ तीन वेळा त्या टेबलासमोर उभा होता. मी कारकुनाला हे सांगितले. तो म्हणाला, "सापडली ना? मग आता कशाला, साहेब?" दहा वर्षांपूर्वी खिडकीतल्या माणसाने मला जे विचारले होते, तेच त्याने विचारले. उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते. या वेळी होते, आणि वहिनी हातात प्रमाणपत्र घेऊन शेजारी उभी होती म्हणून मी ते दिले नाही. त्याचा मला अजून राग येतो.

प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव सिलोनच्या पोस्टातल्या माणसाचे आहे.

मे महिन्यात वैशाख पौर्णिमा आली. मी रजा घेऊन उदगीरला होतो. वहिनीने पहाटे पिशवी भरली. कामट्या, पतंगी कागद आणि खळ वेगळ्या पिशवीत. निलंग्याची पहिली गाडी साडेनऊला येते. मामा आला नाही. दुसरी अकराला. आई म्हणाली, "चुकली आसंल." वहिनी उंबऱ्याशी बसून राहिली. दुपारी तिने मला विचारले, "भाऊजी, मामांनी काय लिहून दिलं होतं?"

प्रतिज्ञापत्राची नक्कल भावाच्या कपाटात होती. मी ती आणून वाचली. शेवटच्या वाक्याला तिने मला थांबवून पुन्हा वाचायला लावले.

"हे तुम्ही सहीच्या आधी वाचलं होतं?"

"हो."

"मंग खोडलं का न्हाई?"

स्टॅम्पपेपरचा विक्रेता जेवायला गेला होता, असे मी सांगितले. ती उठली. "चला," ती म्हणाली, "मुराळी व्हा."

आम्ही एकच्या गाडीने निघालो, ती, दोन्ही मुली आणि मी. निलंग्याच्या स्टँडवर गाडी साडेतीनला लागली. मामा रसवंतीच्या बाकावर बसला होता. धुतलेले धोतर, नवी टोपी, बाकाखाली छत्री. धाकटी मुलगी त्याच्याकडे पळाली.

रसवंतीवाल्याने मला सांगितले, म्हातारबा सकाळी सातपासून इथेच आहेत. उदगीरला जाणाऱ्या तीन गाड्या गेल्या. प्रत्येक गाडी लागली की ते उठून तिच्या दारापर्यंत जात होते आणि न चढता परत येऊन बसत होते.